पादोवा ते फ्लोरेन्स : मिनिटांच्या हिशेबातली इटली

ऑक्टोबरचा मध्य. उत्तर इटलीत सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो कमरेला बांधावा लागतो. नेहमीच्या युरोप दौऱ्यांत व्हेनिस झालं की बस सुटते ती थेट फ्लोरेन्सला. मधली पादोवा, फेरारा, रावेन्ना महामार्गाच्या हिरव्या पाट्यांवर वाचायला मिळतात तेवढीच. हा दौरा मुद्दाम त्या मधल्या शहरांचा होता. प्रत्येक शहरात तिथलाच परवानाधारक गाईड, एका गावाहून दुसऱ्या गावाला रेल्वेनं, आणि रावेन्ना सोडलं तर दिवसाला फार तर दोन मोठी ठिकाणं.

दोनच, कारण इथल्या सगळ्यात नाजूक जागा मिनिटं मोजून दाखवतात. पादोवात चित्रकार जोत्तोच्या भित्तिचित्रांसमोर पंधरा मिनिटं, रावेन्नात गाल्ला प्लाचिदियाच्या समाधिगृहाच्या छताखाली पाच. ती कशी खर्चायची हे आधी ठरवलं नसेल तर माणूस आत जातो, फोन वर करतो आणि बाहेर येतो. चांगला गाईड ओळखायची खूणही हीच: तो बाहेर भरपूर बोलतो आणि आत गेल्यावर गप्प बसतो.

पहिला दिवस : पादोवा, संध्याकाळ

व्हेनिसच्या विमानतळावरून पादोवाला थेट बस आहे, तासाभरात पोचते. उरलेली संध्याकाळ संत अंतोनच्या बॅसिलिकेला. वसई आणि गोव्याच्या लोकांना हा संत घरचाच. १३ जूनचा त्याचा सण तिकडेही जोरात होतो. जन्म लिस्बनचा, पण १२३१ मध्ये देह ठेवला तो पादोवाजवळ, आणि वर्षाच्या आत चर्चनं त्याला संतपद दिलं. समाधीच्या मागच्या बाजूच्या दगडावर हात टेकून लोक उभे राहतात, मनातलं बोलतात आणि सरकतात. रांग लांब दिसली तरी पुढे सरकत राहते. वेदीमागच्या दालनात त्याची जीभ सोन्याच्या पात्रात ठेवली आहे. प्रवेश फुकट, खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत. ओढणी किंवा पातळ शाल पिशवीत असली की पुढच्या प्रत्येक चर्चमध्ये उपयोगी पडते.

बाहेर चौकात दोनातेल्लोचा घोडेस्वार आहे, काशाचा, १४५३ मधला. घोड्याचा उचललेला पुढचा पाय एका गोळ्यावर टेकवलाय. एवढं धातूचं वजन तीन पायांवर पेलण्याची जोखीम शिल्पकारानं घेतली नाही.

दुसरा दिवस : स्क्रोव्हेन्यी चॅपल आणि पालाझ्झो बो

जोत्तोची चित्रं या चॅपलच्या भिंतींवर आहेत. तिकीट वेळेसकट आधीच काढावं लागतं. दारावर मिळेल या भरवशावर कोणी जाऊ नये. एका वेळी पंचवीस माणसं. तिकिटावरच्या वेळेआधी निदान अर्धा तास आवारात पोचा, कारण पिशव्या जमा कराव्या लागतात आणि तिथेही रांग असते. मग काचेच्या एका बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. ही नुसती वाट बघायची खोली नव्हे. बाहेरून आलेल्या माणसांबरोबर धूळ येते, ओल येते. ती इथे खाली आणून मगच आतलं दार उघडतं. बाहेरचं आणि आतलं दार एकाच वेळी कधी उघडत नाही, म्हणून दोन मिनिटं उशिरा आलेल्यालाही मध्येच सोडता येत नाही. एका गटातले दोघे कॉफीसाठी रेंगाळले आणि त्यांची वेळ गेली. पैसे परत नाहीत, आणि पुढच्या वेळाही भरलेल्या.

आता आतलं. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडची भिंत खिडक्यांची, डावीकडची सलग. गोष्ट उजव्या भिंतीवर अगदी वरच्या ओळीत, वेदीच्या टोकापासून सुरू होते: मूल नाही म्हणून म्हाताऱ्या योआकिमला मंदिरातून हाकलतात तिथून. मग ती दाराकडे सरकते, डाव्या भिंतीवरून परत वेदीकडे येते, आणि एक ओळ खाली उतरून पुन्हा तीच फेरी घेते. वरच्या ओळीत मरियेचे आईबाप आणि ती स्वतः, खालच्या दोन ओळींत येशू. हा क्रम बाहेर कागदावर बोटानं गिरवून घेतला तर आत शोधाशोध करावी लागत नाही.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी जमते. पहिली दोन मिनिटं काहीच शोधू नका, डोळ्यांना त्या निळ्या रंगाची सवय होऊ द्या. पुढची पाच मिनिटं वरच्या ओळीला. त्यापुढची पाच फक्त दोन चित्रांना: उजवीकडे खालच्या ओळीत येशूला पकडून देणाऱ्या जूदास या शिष्याचं चुंबन, डावीकडे खालच्याच ओळीत येशूच्या मृत देहाभोवतीचा विलाप. पहिल्यात जूदासचा पिवळा झगा येशूला जवळजवळ गिळून टाकतो आणि दोन चेहरे इतके जवळ येतात की मागचे भाले-मशाली विसरायला होतात. दुसऱ्यात दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्यात. १३०५ च्या सुमारास चित्रातल्या महत्त्वाच्या जागी पाठमोरी माणसं बसवणं ही मोठी धिटाई होती; त्या पाठींमुळे बघणारा आपोआप त्या घोळक्यात जाऊन बसतो.

उरलेली तीन मिनिटं दाराच्या वरच्या भिंतीला. तिथे अंतिम न्याय आहे, आणि मधोमध खाली गुडघ्यावर बसलेला एन्रिको स्क्रोव्हेन्यी चॅपलची छोटी प्रतिकृती मरियेला अर्पण करतोय. त्याचा बाप रेजिनाल्दो सावकार. कवी दान्तेनं आपल्या काव्यात याच बापाला नरकात सावकारांच्या रांगेत बसवलं आणि ओळख पटावी म्हणून गळ्यातल्या थैलीवर घराण्याचं चिन्ह, निळी गाभण डुकरीण, रंगवली. चॅपलच्या नरकात थैल्यांच्या दोऱ्यांनीच फासावर लटकलेले सावकार दिसतात. पैसे देणाऱ्याच्या घरात हे रंगवून घेणं म्हणजे कमाल आहे. पापाची कबुली म्हणा नाहीतर विमा म्हणा.

निळ्या रंगाकडे बघताना काही ठिकाणी, विशेषतः मरियेच्या झग्यावर, रंग उडालेला दिसेल. बाकीचे रंग ओल्या चुन्यावर लावलेले, त्यामुळे चुना सुकताना ते गिलाव्यातच पक्के झाले. अॅझुराइटचा निळा ओल्या चुन्याशी जुळत नाही, तो सुकलेल्या भिंतीवर चिकटद्रव्यानं लावावा लागतो, आणि असा थर काळाबरोबर पोपडे धरून सुटतो.

दुपारी विद्यापीठाची जुनी इमारत, पालाझ्झो बो. विद्यापीठ १२२२ मधलं; गॅलिलिओनं इथे १५९२ ते १६१० शिकवलं. आतलं बघायचं तर गाईडबरोबरच्या ठरलेल्या फेरीतच जाता येतं. १५९५ चं शवविच्छेदनगृह लाकडी आणि लंबवर्तुळाकार आहे, एकावर एक सहा कठड्यांचं. विद्यार्थ्यांना बसायला जागाच नाही. कठड्याला रेलून उभं राहायचं आणि खाली मधोमध टेबलावर शव. पाहुण्यांना आता खालून, जिथे शव असायचं त्या बाजूनं वर बघायला मिळतं. एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिला याच विद्यापीठानं १६७८ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी दिली. पदवी मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतात. तिचा पुतळा जिन्याशी आहे.

तिसरा दिवस : बोलोन्या

पादोवाहून बोलोन्याला साधी प्रादेशिक गाडी पुरते. तिचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढलं म्हणून स्वस्त होत नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढू नका. फोनवरचं असेल तर प्रवासाआधी चेक-इन करायचं. तपासनीस पर्यटक म्हणून दंड सोडत नाही.

बोलोन्यात पाऊस होता आणि त्यानं काहीही बिघडलं नाही. या शहरातल्या कमानींचे झाकलेले फूटपाथ सगळे मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले. स्टेशनवरून हॉटेलपर्यंत छत्री न उघडता जाता येतं. विद्यार्थी वाढले, घरं अपुरी पडली, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. मग शहरानंच नियम केला की नव्या घराला कमान हवीच, आणि खालची वाट सगळ्यांना मोकळी हवी. असा नियम पुण्या-मुंबईला का सुचला नाही, असं भर पावसात वाटून जातं.

दोन झुकते मनोरे लांबूनच बघावे लागतात. असिनेल्ली ९७ मीटरचा, शेजारचा गारिसेंदा ४८. गारिसेंदाच्या पायाची काळजी वाटू लागल्यानं ऑक्टोबर २०२३ पासून दोन्हींभोवती कडं आहे. पायऱ्या चढून शहर वरून बघण्याच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. चढायचंच असेल तर सान लुकाची टेकडी आहे: ६६६ कमानींखालून पावणेचार किलोमीटर, अर्धी वाट सपाट, मेलोंचेल्लोच्या कमानीपासून खडी.

बोलोन्यातली खरी चीज सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीत आहे. १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीनं इथे जवळजवळ ६७ मीटर लांबीची धातूची रेघ बसवली, उत्तर-दक्षिण, खांबांच्या मधून बेतानं काढलेली. छतातल्या छोट्या भोकातून येणारा सूर्याचा कवडसा रोज माध्यान्हीला ती ओलांडतो. उन्हाळ्यात भोकाजवळ, हिवाळ्यात दूर. कॅसिनीनं वर्षभर त्या कवडशाची रुंदी मोजली. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर जसं बदलेल तसं बिंब लहानमोठं होणार. त्या मापांनी, ग्रह लंबवर्तुळात फिरतात म्हणणाऱ्या केपलरच्या बाजूनं कौल दिला, आणि तोही चर्चच्याच जमिनीवर. ऑक्टोबरच्या मध्यावर इथली माध्यान्ह घड्याळात एकच्या आसपास येते. इटलीत बरीच चर्चं दुपारी दोनेक तास बंद असतात, म्हणून त्या दिवसाच्या वेळा सकाळीच दारावर वाचून घ्या. आणि आकाश मोकळं हवं, हे आलंच.

आता जेवण. मीट सॉस घातलेली स्पॅगेटी हे बोलोन्याचं खाणं म्हणून जगभर खपतं, पण इथे रागू, म्हणजे हा मीट सॉस, चोपडतात तो रुंद पट्ट्यांच्या ताल्यातेल्लेवर. शिजलेल्या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर, हे माप १९७२ मध्ये इथल्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवलंय. पीठ भिजवायचं प्रमाण शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. दुकानांच्या काचेआड बायका हातभर लांब लाटण्यानं पोळी लाटताना दिसतात. पोळीची कड लाटण्यावर गुंडाळायची, तळहातानं पुढे ढकलत बाजूंना ताणायची आणि उलगडायची. अंगठ्याखालची जागा सोडली तर हात पिठाला दाबतच नाही. एका बाईनं पोळी उचलून दिव्यासमोर धरली, पलीकडचा रस्ता दिसला, मग तिचं समाधान झालं.

शाकाहारी माणसानं बोलोन्यात डोळे उघडे ठेवून खावं. छोट्या तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस असतं आणि त्या येतातही मांसाच्या रश्श्यात. मोठी तोर्तेल्लोनी मागवा, सारण रिकोत्ता चीज आणि पालकाचं, वर लोणी आणि सेजची पानं: ‘बुर्रो ए साल्व्हिया’. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलं तर कधी हॅमचे तुकडे पडतात, कधी ट्यूना. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा प्रोशुत्तो’ असं तिन्ही नावं घेऊन सांगा. कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात; ज्यांना ते चालत नाही त्यांनी किसलेलं चीज वर न घालण्याबद्दल आधीच बजावावं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ती फसवणूक नव्हे, बसण्याचे आणि पावाचे पैसे आहेत. मग टिप दिलीच पाहिजे असं नाही.

चौथा दिवस : फेरारा

सामान बोलोन्यातच ठेवून फेराराला सकाळी जावं, संध्याकाळी परतावं. स्टेशनापासून जुनं गाव पायी वीस मिनिटं. हे सायकलींचं शहर. भाड्यानं सायकल घेऊन सुमारे नऊ किलोमीटरची तटबंदी तासाभरात फिरून होते, वर झाडं आणि सपाट मातीची वाट.

एस्ते घराण्याचा खंदकातला किल्ला (१३८५) बघावा, पण वेळ राखून ठेवावा पालाझ्झो देई दियामांतीसाठी. सुमारे साडेआठ हजार संगमरवरी दगड, प्रत्येक हिऱ्यासारखा टोकदार घडवलेला. कोपऱ्याशी उभं राहून भिंतीला जवळजवळ गाल लावून वर बघा. खालच्या ओळींतली टोकं किंचित खाली रोखलेली, मधली सरळ, वरची वर. ऊन कुठल्याही उंचीवर आलं तरी काही दगड ते पकडतातच. ही युक्ती लक्षात ठेवा, रावेन्नात काचेत भेटेल.

दुपारी काप्पेल्लाच्ची दी झुक्का: लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता. तोंडात घातला की घारग्यांची आठवण येते, इतका गोडसर. इथेही वर रागू घालायची पद्धत आहे, लोण्याचा मागा.

पाचवा दिवस : रावेन्ना

बोलोन्याहून सव्वा तासाची गाडी. रावेन्ना आता झोपाळू, सपाट, समुद्रापासून दूर गेलेलं गाव वाटतं, पण ४०२ साली पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आणली गेली, कारण भोवतीच्या दलदलीत शत्रूचं घोडदळ रुततं. नंतर गॉथ राजा थिओडोरिक आला, त्यानंतर ५४० मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य. तिघांनीही भिंतींवर मोझेक केलं. त्यांतल्या आठ वास्तू १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

तिकिटांचं नीट समजून घ्या. सान व्हिताले, गाल्ला प्लाचिदिया, सांत आपोल्लिनारे नुओव्हो, निओनियन बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय यांचं एकत्र तिकीट. गाल्ला प्लाचिदिया आणि निओनियनला त्यातही वेळ निवडावी लागते. एरियन बाप्तिस्मागृह, थिओडोरिकची समाधी आणि क्लास्सेचं चर्च या एकत्र तिकिटात येत नाहीत.

सकाळी आधी मोझेकच्या कार्यशाळेत गेलं तर नंतरचं सगळं वेगळं दिसतं. गावात अशा कार्यशाळा आजही चालतात. एका लाकडी ओंडक्यात छिन्नी उभी ठोकलेली, धार वर. रंगीत काचेची जाड वडी तिच्या धारेवर धरायची आणि दोन्ही बाजूंना धार असलेल्या हातोडीनं बरोबर त्याच रेषेवर हलका ठोका द्यायचा. काच दोन धारांच्या मध्ये कटकन तुटते. धार जरा चुकली की तुकडा तिरका जातो. सोनेरी तुकडा म्हणजे काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर पातळ काचेचं झाकण. वर्ख दोन काचांच्या मध्ये असल्यानं पंधराशे वर्षांत काळा पडला नाही. कारागीर बाईनं ओल्या गिलाव्यात दहा-बारा सोनेरी तुकडे सपाट बसवले आणि शेजारी तेवढेच अंगठ्यानं थोडे थोडे कलते. दिवा हलवला. सपाट भाग एकदम चमकला आणि एकदम विझला. कलता भाग दिवा फिरेल तसा लुकलुकत राहिला.

मग गाल्ला प्लाचिदिया. बाहेरून विटांची बसकी खोली, क्रुसाच्या आकाराची. बसकी दिसते कारण गाव खचत गेलं आणि आतली जमीन सुमारे दीड मीटर वर उचलावी लागली. ज्या सम्राज्ञीचं नाव तिला आहे ती ४५० मध्ये रोमला वारली, तिला इथे पुरल्याचा पुरावा नाही. खिडक्यांना अलाबास्टर दगडाच्या पातळ फरशा आहेत, त्यांतून मधाळ उजेड झिरपतो. पाच मिनिटांतलं पहिलं मिनिट अंधारात जातं, हे धरूनच चाला. बाहेरच्या लखलखीत उन्हातून येण्याआधी दोन मिनिटं सावलीत उभं राहिलात, डोळे मिटून घेतलेत, तर तेही वाचतं. मग वर बघा: गडद निळ्यावर सोन्याचे तारे, वर जाताना लहान होत गेलेले, म्हणून घुमट आहे त्याहून खोल वाटतो. मागे वळा: दारावर दाढी नसलेला तरुण मेंढपाळ येशू. समोर संत लॉरेन्स, जळती जाळी आणि शेजारी कपाटात चार शुभवर्तमानं. फोटो शेवटच्या मिनिटाला, फ्लॅशशिवाय.

सान व्हितालेत (५४७) वेळेचं बंधन नाही, तिथे बसा. वेदीच्या डावीकडे बायझंटाइन सम्राट जस्टिनियन, उजवीकडे त्याची राणी थिओडोरा, दोघं आपापल्या लवाजम्यासह. दोघंही रावेन्नाला कधी आलेच नाहीत. राजाच्या हातात सोन्याचं ताट, राणीच्या हातात प्याला. तिच्या झग्याच्या खालच्या काठावर नजराणा घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेत. एकाच माणसाचं नाव डोक्यावर लिहिलंय, बिशप माक्सिमियानुसचं. कोणाला स्वतःची जाहिरात करायची होती ते कळतं.

सांत आपोल्लिनारे नुओव्होत जास्त मजा आहे. थिओडोरिकच्या राजवाड्याच्या चित्रात कमानींमध्ये आता नुसते पडदे आहेत. तिथे पूर्वी दरबारी उभे होते. बायझंटाइन सत्ता आल्यावर ते काढून पडदे बसवले. पण खांबांवर नीट बघा. काही खांबांवर आडवे हात राहून गेलेत, कोणाचेच नसलेले, मनगटापर्यंत. कारागिरांनी धडं काढली आणि खांबावरून पुढे आलेले हात राहू दिले. आळस की मुद्दाम, यावर गाईडमंडळी आनंदानं भांडतात.

जेवायला पियादिना: तव्यावर भाजलेली पातळ रोटी, आत मऊ स्क्वाक्वेरोने चीज आणि रुकोला. पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलातली हवी असेल तर ‘सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणून विचारा, बऱ्याच टपऱ्यांवर दोन्ही असतात.

संध्याकाळी दान्ते. फ्लोरेन्सनं हद्दपार केलेला हा कवी १३२१ मध्ये रावेन्नात वारला. फ्लोरेन्सनं पुढे अस्थी मागितल्या. १५१९ मध्ये पोपची परवानगीही मिळाली, तेव्हा इथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या लपवून ठेवल्या आणि रिकामी पेटी दाखवली. १८६५ मध्ये भिंत उकरताना त्या सापडल्या. समाधीत एक दिवा जळतो. त्याचं तेल दर सप्टेंबरात फ्लोरेन्स पाठवतं, म्हणजे दंडच म्हणायचा. शेजारच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये वेदीखालच्या तळघरात डोकवायला विसरू नका: भूजल वर आल्यानं ते कायमचं पाण्यात आहे, आणि त्या मोझेकच्या फरशीवरून मासे फिरतात. दिवा लावायला नाणं टाकावं लागतं. सुटे जवळ ठेवा.

सहावा दिवस : क्लास्से आणि पुढे

सकाळी चार नंबरच्या बसनं पाच किलोमीटरवरचं सांत आपोल्लिनारे इन क्लास्से. एकेकाळी इथे बंदर होतं, आता शेतं. वेदीवरच्या अर्धघुमटात हिरवं कुरण, मेंढ्या, पाइनची झाडं. उन्हं पडली की तो हिरवा रंग उजळतो, म्हणून सकाळच बरी. दुपारी बोलोन्यामार्गे फ्लोरेन्स. बोलोन्यात जलदगती गाड्यांचे फलाट खोल जमिनीखाली आहेत. वरच्या फलाटावरून खाली पोचायला सामानासकट पंधरा मिनिटं धरा. एवढ्यात बऱ्याच जणांची पुढची गाडी चुकते.

सातवा दिवस : फ्लोरेन्स

इथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं तर वेळेचं तिकीट, ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मोठी पिशवी चालत नाही. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. वाट अरुंद आहे आणि मध्येच परत फिरता येत नाही. चढणाऱ्यांनी मात्र नुसत्या शिखरासाठी धावू नये. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट खालून लाकडी साच्याचा आधार न देता उभारला, आणि ते कसं जमलं याचं उत्तर वाटेत आहे. घुमटाला दोन कवचं आहेत, जिना त्यांच्या मधून जातो. तिथे भिंतीच्या विटा बघा: आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एक वीट उभी. वर गेल्यावर भिंत आत झुकू लागते, ओला चुना घट्ट व्हायच्या आत आडव्या विटा घसरणार. उभी वीट खालच्या थरात रुतलेली असते, ती दोन्हीकडच्या आडव्या विटांना फळीसारखी अडवते. थर पूर्ण झाला की तो कडं बनतो आणि स्वतःच टिकतो. उभ्या विटांची ही वळणं तिरकी वर चढत गेलेली हातानं चाचपता येतात.

उफ्फीत्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. संपूर्ण बघायचा हट्ट न धरता सुरुवातीचं एक दालन नीट बघा, जिथे चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांच्या भव्य मरिया आमनेसामने आहेत. पादोवाहून आलेल्याला फरक लगेच कळतो: जोत्तोच्या मरियेच्या झग्याखाली गुडघे आहेत.

सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं मोठं स्मारक आहे, १८२९ चं. आत काही नाही.

आठवा दिवस : कास्चिने

कास्चिने ही फ्लोरेन्सची नदीकाठची बाग. हे ठिकाण कुठल्याही ठरीव दौऱ्यात नसतं. गाईडला आधी सांगून घालून घ्यावं लागतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. इथे दहनाला परवानगी नव्हती; शहरानं खास बाब म्हणून दिली. संगम हवा म्हणून गावाबाहेर, आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथे रात्रीच चिता रचली गेली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. अर्धपुतळा चार्ल्स फुलरचा, रंगवलेला, फेट्यासह. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मॅंटची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच मॅंटचा, त्यामुळे कोल्हापूरकरांना या कमानी ओळखीच्या वाटल्या तर नवल नाही. जवळच्या पुलाचं नावही ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल.

सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनाजवळून टी-१ ट्राम पकडून कास्चिने थांब्यावर उतरायचं. तिथून छत्री बागेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, नदीकाठानं सुमारे तीन किलोमीटर सरळ चाल. जाऊन-येऊन अडीच तास ठेवा. वाटेत सावली आहे, बाकं आहेत, त्या टोकाला मात्र खायला काही मिळेल यावर विसंबू नका. ते टोक अंधार पडल्यावर निर्जन होतं, म्हणून सकाळीच जा. शक्य असेल तर मंगळवार निवडा: त्या सकाळी ट्रामच्या बाजूला नदीकाठी मोठा आठवडी बाजार भरतो, कपडे, भाज्या, चीज, भाजलेले चेस्टनट. दुपारी दोनच्या आत विक्रेते आवरायला लागतात, म्हणून आधी छत्री आणि परतताना खरेदी.